पांडुरंगाच्या चार मोपेड

बाळांनो, परवा तुमच्यातली मोठी फोनवर म्हणाली, "आजी, मी गाडी घेतली. आता तो विक्रेता म्हणतो, आणखी थोडे पैसे भरा, म्हणजे कंपनीची वॉरंटी संपल्यावरही दुरुस्तीची काळजी नाही. भरू का?" मी "भर" किंवा "भरू नको" असे एका शब्दात सांगू शकले असते. पण मला हसू फुटले, आणि ते आवरेपर्यंत तिची ऑफिसला निघायची वेळ झाली. त्या हसण्याचे कारण तुम्हाला ठाऊक नाही. ते लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते. आता मोतीबिंदू काढून झाला आहे, ओळी पुन्हा सरळ येतात, आणि तुमच्या आजोबांना जाऊन वर्ष उलटल्यामुळे त्यांच्या गोष्टी मला रडल्याशिवाय सांगता येतात. म्हणून आता.

आपल्या घरात बोलतो ती मराठी महाराष्ट्रातल्या माणसाला फार जुनी वाटते, आणि तुम्हाला तर तीही धड येत नाही. म्हणून माझ्या वडिलांनी शिकवलेल्या पुस्तकी मराठीत लिहिते. अडले तर आईला विचारा. क्रमाने सांगते.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तुमच्या आजोबांनी कुंभकोणमला बस स्टँडच्या रस्त्यावर मोपेडचे दुकान घातले. पुढे विक्री, मागच्या अंगणात दुरुस्ती, वरच्या मजल्यावर आम्ही. मी त्रिचीच्या कॉन्व्हेंट कॉलेजात गणित घेऊन बी.एस्सी. झाले होते, त्यामुळे स्वयंपाक आटोपला की दुकानाचा हिशेब माझ्याकडे असे. मोपेड म्हणजे पायडल असलेली हलकीशी गाडी, सायकलहून जड आणि स्कूटरहून स्वस्त. शाळामास्तर, बँकेतले कारकून, दूधवाले, विड्याच्या पानांचे व्यापारी, सगळे ती घेत. कंपनीची वॉरंटी सहा महिन्यांची. ती संपली की गिऱ्हाईक घाबरे होई. कुठे खट्ट वाजले तरी दुकानाच्या दारात येऊन उभे, आणि दुरुस्तीचा आकडा ऐकला की चेहरा उतरलेला.

एके दिवशी आजोबा जिना चढून वर आले ते हसतच. "अगं, सुचलं! गाडी घेतानाच एकदा पैसे भरा, तीन वर्षं मागे वळून बघू नका. टायर-ट्यूब आणि अपघात सोडून सगळं आम्ही करू."

"किती पैसे?"

"एकशे एक. शुभ आकडा आहे."

"आणि दुरुस्तीला दोनशे लागले तर?"

"तर अशुभ."

मी त्यांना खाली पाठवले आणि जुनी जॉब कार्डे मागवली. प्रत्येक दुरुस्तीला आमच्याकडे एक कार्ड होते. त्यावर गाडी कधी घेतली, काय मोडले, काय बदलले. वरच्या खोलीत जमिनीवर ती पसरली आणि तांदूळ निवडावे तशी निवडत बसले. मला वाटले होते, गाडी जितकी जुनी तितकी ती जास्त मोडत असेल. ते खरे होतेच, पण तेवढेच नव्हते. मास्तरांच्या गाडीला तीन वर्षांत एक ब्रेकची केबल पुरे. दूधवाल्याच्या गाडीचे स्पोक दुसऱ्या वर्षीच तुटत आणि क्लच जळे. दोघांकडून सारखेच पैसे घेतले तर मास्तर दूधवाल्याचा क्लच भरणार, आणि हे कळले की मास्तर करार करणार नाहीत. उरणार फक्त दूधवाले. म्हणून मी तीन प्रश्न ठरवले. गाडी कोण चालवणार? रोज किती लांब? ओझे काय? उत्तरांवरून तीन दर: हलका, मध्यम आणि जड.

दुसरी गोष्ट समजावायला जास्त दिवस लागले. आज घेतलेले पैसे आज आपले होत नाहीत. मासी महिन्यात, उन्हाळा लागता लागता, नवी चिंच येते. आपण ती वर्षाची घेऊन मीठ लावून भरणीत दाबतो. भरणी काठोकाठ दिसते म्हणून पहिल्याच आठवड्यात कोणी ती शेजारीपाजारी वाटत सुटत नाही. तसेच हे पैसे. मी बँकेत वेगळे खाते उघडायला लावले आणि काढायला दोघांची सही ठेवली.

"दुकान माझं, मोपेड माझ्या, आणि पैसे काढायला बायकोची सही!" आजोबा म्हणाले.

"पैसे तुमचे नाहीत म्हणून तर."

"मग कोणाचे?"

"मोडलेल्या क्लचचे."

"तो अजून मोडलेला नाही!"

"मोडेल."

तर मोठीबाई, तुझ्या विक्रेत्याला किंमत विचारण्याआधी हे विचार: तू भरलेले पैसे तो कुठे ठेवतो? त्याला पटकन उत्तर देता आले तर भर.

आता पांडुरंगाकडे येते. करार सुरू केला तो विजयादशमीला. आमच्याकडे गाडी घ्यायची तर त्या दिवशी. आडी आणि मार्गळी हे महिने नव्या खरेदीला अशुभ, त्यांत कोणी दुकानाकडे फिरकत नाही, आणि विजयादशमीला पाय ठेवायला जागा नसते. त्या सकाळी गोविंदपुरमच्या अलीकडच्या एका छोट्या भजनमठाचे भागवतर आले. भागवतर म्हणजे भजनाचे प्रमुख गायक. हे आपल्यासारख्याच मराठी घरातले, उंच, कपाळभर गंध, आवाज असा की शेजारच्या औषधाच्या दुकानातली गिऱ्हाइकेही वळून बघत. भक्तांनी पैसे जमवून मठासाठी एकदम चार मोपेड घेतल्या होत्या. मी कॉफी घेऊन खाली आले तेव्हा आजोबा मोठ्या उत्साहाने माझे तीन प्रश्न विचारत होते.

"गाड्या कोण चालवणार?"

"गाड्या पांडुरंगाच्या, राव. चारही त्याच्याच. आर.टी.ओ.च्या कागदावर माझं नाव आहे, ते सरकारसाठी."

"बरं. रोज किती लांब जाणार?"

"तो विटेवर उभा आहे. कुठे जातो?"

"ओझं?"

"हात कमरेवर आहेत. ओझं धरील कशात?"

काउंटरपाशी जमलेले सगळे हसले. आजोबांनी पेन उचलले, आणि मी पाहिले, ते 'हलका' लिहीत होते.

"अहो," मी हळूच म्हणाले, "पांडुरंग मोपेड चालवत नाही. चालवणारे कोण ते विचारा."

माझ्या सासूबाई पूजेसाठी खाली येऊन गल्ल्यामागच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "अगे, देवास हिशेब पुसतात काय? कॉलेजात हेंच शिकविलें तुज? लिही रे, हलका लिही."

आजोबांनी लिहिले. चार मोपेड, चार करार, सगळे हलक्या दरात. नंतर मला म्हणाले, "काय करू, देवापुढे 'जड' लिहायला हात धजेना." खरे सांगायचे तर माझाही धजला नसता. तीनशे वर्षे तमिळ मुलखात राहून आपल्या लोकांनी जे काही सांभाळले त्यात पांडुरंग पहिला.

पहिले वर्ष फार सुखात गेले. सहा महिने कंपनीच भरत होती, पुढचे सहा महिने नव्या गाड्यांना काही होईना. करार मात्र भराभर विकले जात होते. वेगळे खाते भरणीसारखे भरत चालले आणि आजोबांना ते दिसत होते. त्यांच्या मनात फार दिवसांपासून एक गोष्ट होती: तिरुप्पनंदाळला दुसरे दुकान. तिथल्या शैव मठाच्या रस्त्यावर एक जागा रिकामी होत होती, आणि मालकाने पोंगलपर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, आगाऊ रक्कम मागितली होती. आजोबा येता-जाता त्या जागेचे वर्णन करत. दोन दरवाजे आहेत. समोर पिंपळ आहे, गिऱ्हाईक सावलीत उभे राहील. मागे विहीर आहे, गाड्या धुता येतील. मला मोगऱ्याचे गजरे रोज येऊ लागले, आणि मी ओळखले की आता सही मागणार.

"वर्षभरात त्या पैशाला हात लागला नाही," ते म्हणाले. "याचा अर्थ काय?"

"अजून काही मोडलं नाही, एवढाच."

"गाड्या चांगल्या आहेत!"

"गाड्या नव्या आहेत."

"तू कधी तरी एकदा म्हण ना, की चांगलं होईल!"

हे त्यांनी हसत म्हटले, पण माझ्या मनाला लागले. मी पुन्हा जॉब कार्डे काढली. पहिल्या वर्षाचा ढीग एवढासा, दुसऱ्याचा थोडा मोठा, तिसऱ्याचा डोंगर. तरीही मी कबूल करते की माझे मन डळमळले. करार घेणाऱ्यांत मास्तर आणि कारकूनच जास्त होते. अगदी कडक हिशेबाने थोडी रक्कम मोकळी करता आली असती. मी म्हणाले, पोंगलच्या आधी सांगते.

आणि मग पांडुरंगाच्या गाड्या येऊ लागल्या.

पहिली आली ती मागच्या चाकाचे स्पोक तुटून. पंधरवड्यात दुसरी, तेच दुखणे. मग क्लच जळालेली तिसरी. मग पुन्हा पहिली, या वेळी कॅरिअर मोडून. अंगणातून मिस्त्री ओरडे, "देव आला!" आणि सगळे हातातले काम टाकून बघायला जात. आजोबा आधी म्हणाले, एखादा सुटा भाग खराब निघाला असेल. मग म्हणाले, रस्ता खराब असेल. शेवटी म्हणाले, "विटेवर उभा राहणारा एवढा हिंडतो कुठे?"

"चला, बघून येऊ," मी म्हणाले.

मठात राधाकल्याण होते, म्हणजे राधा-कृष्णाचे लग्न. ते भजनात सकाळी लावतात. आम्ही आमच्या मोपेडवरून निघालो, मी मागे एका अंगाला बसलेली, मांडीवर नारळाची पिशवी. गोविंदपुरमच्या वाटेवर भाताच्या शेतांमधून समोरून एक मिरवणूक येताना दिसली. म्हणजे आधी ऐकू आली.

पहिल्या मोपेडवर चालवणाऱ्याच्या पायांपाशी तांदळाचे पोते उभे केलेले, आणि मागे एक आडदांड गृहस्थ मांडीवर पेटी घेऊन बसलेले. भागवतर सकाळी दारोदार गात फिरतात, तेव्हा लोक त्यांच्या पात्रात तांदूळ घालतात. त्यांचा आवाज उत्तम, त्यामुळे तांदूळ फार जमत. दुसऱ्या मोपेडवर मृदंग, झांजांचे गाठोडे आणि उभी पितळी समई, दोराने अशी आवळलेली की तीच तिसरी प्रवासी वाटावी. तिसरीवर आचारी आणि त्याचे पायसाचे भांडे. त्या भांड्यात तुम्ही लहान असताना सहज मावला असता. आणि चौथीवर, मागे, स्वतः भागवतर. दोन्ही हातांनी वेताची टोपली छातीशी धरलेली, टोपलीत रेशमी वस्त्रावर पांडुरंगाची पितळी मूर्ती, आणि ऊन लागू नये म्हणून देवाच्या डोक्यावर ओला टॉवेल.

आजोबांना इतके हसू आले की गाडी बांधाला लावावी लागली. मी नारळ सांभाळत उतरले आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. मिरवणूक थांबली.

"भागवतर," मी म्हणाले, "पांडुरंग कुठे जात नाही म्हणाला होतात."

"जात नाही, अम्मा. बोलावतात तेव्हा नेतो."

"कोण बोलावतं?"

"सगळेच! पूर्वी बैलगाडीनं जायचं, तर दोन गावांत दिवस संपायचा. आता मोपेड आहेत, नाही कोणाला म्हणायचं? आज पहाटेपासून तीन गावं करून कल्याणाला परत आलो." मग ते आजोबांकडे वळले, चेहरा कृतज्ञतेने फुललेला. "आणि राव, तुमच्या करारानं काय निर्धास्त केलंय! पूर्वी या मंडळींना सांगायचो, सावकाश, देव आहे सोबत. आता सांगतो, जाऊ द्या जोरात, राव आहेत."

आजोबांचे हसणे तिथे थांबले.

कल्याण छान झाले. आम्ही पायस प्यालो. परतताना गाव जवळ आले तेव्हा आजोबा पुढे बघतच म्हणाले, "तिरुप्पनंदाळ गेलं ना?"

"दुकान होईल कधी तरी," मी म्हणाले. "या पैशांनी नाही. या चार गाड्यांनी जे खाल्लं ते मास्तरांच्या ब्रेकचं आहे, आणि मास्तरांचं तिसरं वर्ष अजून यायचंय."

"देवाकडून जास्त मागता येणार नाही. लिहून दिलंय."

"मागायचं नाहीच. पण बाकीच्यांचंही लिहून दिलंय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चांगले धोतर नेसले, बसने तिरुप्पनंदाळला गेले आणि मालकाला नाही सांगून आले. येऊन पाय धुतले, पानावर बसले, आणि म्हणाले, "तिथे आता कॉफीचं दुकान होणार आहे." एवढेच. भात दुसऱ्यांदा घेतला नाही. मला तेव्हा वाटले की माझे गणित चुकावे, आणि मी मूर्ख ठरावे.

पण त्याच आठवड्यात त्यांनी भागवतरांना बोलावले आणि सगळे समजावून सांगितले. भागवतर पांढरे पडले. "अम्मा, मी पांडुरंगाच्या नावावर खोटं बोललो?"

"नाही. आम्ही विचारलं त्याचं उत्तर दिलंत. आम्ही विचारलंच चुकीचं."

ते वरचे पैसे भरतो म्हणाले. आजोबांनी घेतले नाहीत. मग तिघांनी बसून तोड काढली. तांदूळ, समई आणि पायसाचे भांडे बसने जाईल. मोपेडवर माणसे, वाद्ये आणि देव. हे मठातल्या मंडळींच्या गळी उतरवणे कठीण होते, पण भागवतर हुशार. त्यांनी पुढच्या भजनात भर सभेत जाहीर केले की पांडुरंगाला पोत्याशेजारी बसायला अडचण होते. त्यावर कोण काय बोलणार? बसच्या कंडक्टरने आधी समईचे अर्धे तिकीट मागितले. पायस चाखल्यावर पुन्हा मागितले नाही. आणि आजोबांनी चारही गाड्यांना मागचे स्पोक जाड बसवून दिले. स्पोक तुटायचे जवळजवळ थांबले.

तिसऱ्या वर्षी, विजयादशमीच्या आधीच्या महिन्यात, जे मी कार्डांवर पाहिले होते ते अंगणात आले. करार संपायला आला हे सगळ्यांना एकदमच आठवले, कारण बहुतेकांनी पहिल्याच विजयादशमीला तो घेतला होता. त्यात आयुधपूजा तोंडावर, गाडी पूजेला लख्ख हवी. मास्तर आले, कारकून आले, ज्यांनी तीन वर्षे तोंड दाखवले नव्हते तेही क्लच, चेन, केबल, जे जे झिजले ते बदलून घ्यायला आले. रस्त्यापर्यंत रांग. सासूबाई वरून बघून म्हणाल्या, "लग्न कोणाचें जालें?" आजोबा बनियनवर, कोपरापर्यंत काळे, आणि आमच्या लग्नातही पाहिले नव्हते इतके खूश. भागवतरही आपल्या गाड्या घेऊन आले होते. रांग सरकेना तेव्हा त्यांनी तिथेच अभंग सुरू केला. दूधवाल्यांनी कॅनवर ठेका धरला.

मी रोज खात्यातून पैसे काढायच्या कागदावर सही करत होते. कोणालाही परत पाठवावे लागले नाही. शेवटच्या दिवशी खात्यात थोडेसे उरले होते, फार नाही. तिरुप्पनंदाळची आगाऊ रक्कम दिली असती तर अर्धी रांग रिकाम्या हाताने गेली असती. हे मी बोलले नाही. आजोबाच बोलले, आणि तेही माझ्याशी नव्हे. प्रत्येक गिऱ्हाइकाला गाडी परत देताना ते माझ्याकडे बोट दाखवून सांगत होते, "पैसे हिनं धरून ठेवले. मी तर पिंपळाच्या सावलीत उधळणार होतो."

त्या विजयादशमीला आम्ही जुन्या गाड्यांचे करारही नव्याने करून दिले, आणि करारासाठी गाडीपेक्षा मोठी रांग होती. मी एक चौथा प्रश्न वाढवला: या गाडीवरून आणखी कोण कोण जाते? भागवतर नव्या करारासाठी आले तेव्हा त्यांनी पांडुरंगापासून सुरुवात करून आचाऱ्यापर्यंत सगळी नावे सांगितली आणि म्हणाले, "जड लिहा, राव. त्याला आवडेल. त्याला गर्दी आवडते." आजोबांनी मोठ्या अक्षरांत लिहिले. सासूबाईंनी खुर्चीतून उठून भागवतरांसाठी कॉफी स्वतः आणली.

तिरुप्पनंदाळला आपले दुकान कधीच झाले नाही. नव्वदच्या दशकात पैसे होते, पण तोवर आजोबांना अंगण सोडून जावेसे वाटेना. त्या बाजूला गेलो की ते मुद्दाम त्या कॉफीच्या दुकानात थांबत, दोन दरवाज्यांपैकी डावीकडच्या दाराने आत जात, आणि बाहेर आल्यावर दर वेळी सांगत की कॉफी पातळ होती.

आज दुकान तुमचा मामा चालवतो आणि गाड्या विजेवर चालतात. करार अजून विकला जातो. त्याचे पैसे त्याच दिवशी वेगळ्या खात्यात जातात, आणि चौथा प्रश्न अजून विचारला जातो.